सात इंच कमी

जोतीराम आबांना मी पन्नास वर्षं ओळखते. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली आणि ती मला देता आली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं वाचताना कुणाला उगीच आशा लागायला नको.

आबा दूध घालतात. घालत होते, असं म्हणायला हवं, पण जिभेला अजून सवय झालेली नाही. सांगवी रस्त्याला त्यांची वस्ती. दारात दोन म्हशी, शेजारच्या भावकीचंही थोडं दूध, आणि हे सगळं दोन किटल्यांत भरून रोज सकाळी सायकलवरून बारामतीत. काळी, आडव्या दांड्याची सायकल. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, कड्यांत किटल्या, झाकणाखाली दाबून बसवलेलं धुतलेलं फडकं आणि हँडलला लटकणारं माप. आमच्या कॉलनीत एकवीस घरांचा रतीब. घंटी एकदाच वाजवायची. दुसऱ्यांदा वाजवायची वेळ आली तर आबा म्हणायचे, "आज बाईंचा डोळा लागला वाटतं." मी अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. सगळं गाव मला बाई म्हणतं, सत्तरीतले आबासुद्धा.

माझी त्यांची ओळख मात्र बारामतीतली नव्हे, वालचंदनगरची; इकडं आम्ही दोघंही नंतर आलो. माझे वडील तिथं कारखान्यात होते आणि आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. आबा तेव्हा वीस वर्षांचे, शेजारच्या अंथुर्ण्याहून दूध घेऊन यायचे. त्यांच्या घरात आधी मेंढरं होती. वडील मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत जायचे आणि चालत परत यायचे. आबांना काही ते चालणं झेपेना. चार मेंढ्या देऊन त्यांनी एकाची जुनी सायकल घेतली, तेव्हा वडील म्हणे तीन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी म्हणाले, "घंटी तरी वाजवून दाव."

त्याच सायकलवर मी शिकले. दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं, आणि आबांनी रिकाम्या किटल्या कट्ट्यावर ठेवून मागून कॅरिअर धरायचं. माझ्या सख्ख्या भावानं कधी धरलं नाही. एकदा मी पडले, गुडघा फुटला, तर आबांनीच आईला सांगितलं, "माझ्या हातनं सुटली, तिची चूक न्हाय." वास्तविक मी हँडल सोडून दोन्ही हात वर केले होते.

त्या काळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला की वालचंदनगरचा अख्खा रस्ता सायकलींनी भरून जायचा. कुणी फलक लावला नव्हता, लाल रंग मारला नव्हता. सायकली निघाल्या की ट्रक आपले कडेला थांबायचे, आणि ट्रकवाला बिडी पेटवून गुमान बसायचा. सायकलवाल्यांना वाट द्यायची, हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. आता शिकवावं लागतं. त्यासाठी समिती आहे, आणि त्या समितीत मी आहे.

समितीचं नाव हरितपथ समिती. आमच्या भागात कालव्याच्या भरावावरून अडीच किलोमीटरचा सायकल ट्रॅक झाला, त्याची देखभाल ही समिती करते. ज्येष्ठ नागरिक एक आणि महिला एक, असे दोन सदस्य त्यांना हवे होते. मला घेतल्यामुळं दोन्ही रकाने एकदम भरले. ट्रॅक आहे देखणा. लाल रंगाचा, कडेला झाडं, बाकडी, दर पन्नास पावलांवर निळी पाटी. शेजारूनच मोठा रस्ता जातो. ट्रॅक आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त जाळी.

मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलंय. वाकवलेले दोन पाइप, मधून माणूस जाईल आणि सायकल हातात धरून तिरकी काढता येईल एवढी वाट. ट्रॅकला मध्ये तीन आडवे रस्ते लागतात. म्हणजे ट्रॅकचे चार तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला दोन तोंडं. आठ फाटकं. प्रत्येक फाटकाला लागून एक मोठं गेट आहे, झाडांना पाणी घालणाऱ्या टँकरसाठी. त्याला कुलूप. किल्ल्यांचा जुडगा समितीच्या अध्यक्षांकडं.

फाटकाची वाट सव्वीस इंच. किटल्या लावलेली आबांची सायकल तेहेतीस इंच. दोन्ही मी स्वतः टेपनं मोजलं आहे. सात इंच कमी पडत होते.

आता याच्यामुळं आबांचं काय अडत होतं, तर सगळंच. गेल्या वर्षी गळिताच्या हंगामात, जानेवारीत, मोठ्या रस्त्यानं येताना त्यांच्या शेजारून उसाचा ट्रॅक्टर गेला. मागं दोन ट्रॉल्या, वर गाण्याचा कर्णा. पहिली ट्रॉली बेतानं गेली. दुसरीच्या बाहेर लोंबणारी मोळी किटलीला घासली आणि आबा सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत. गळपट्टीचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात. दूध तेवढे दिवस त्यांच्या मुलानं, सिद्धूनं घातलं. सिद्धू स्वतः हंगामात उसाचाच ट्रॅक्टर चालवतो, तेव्हा त्याची काय ओढाताण झाली असेल ती त्याची त्यालाच माहीत.

हात बरा झाल्यावर आबांच्या बायकोनं, साखरबाईंनी, निकाल दिला. त्या बाई मोजकंच बोलतात. "ह्यो हंगाम सुटतच आलाय. हंगाम नसताना जावा कुठल्याबी रस्त्यानं. पर पुढच्या हंगामात मोठ्या रस्त्याला सायकल दिसली की दुसऱ्या दिवशी म्हशी भावकीत दिल्या म्हणून समजा." सिद्धूनंही मान डोलावली. आबांना मोटरसायकल येत नाही, एका डोळ्याला मोतीबिंदू, त्यामुळं शिकायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे हंगामातले चार-पाच महिने ट्रॅकवरून जाता आलं तर सायकल, म्हशी आणि रतीब राहणार. नाहीतर पन्नास वर्षांचं काम संपणार.

दसऱ्याच्या आसपास आबांनी माझ्या दारात दूध मापता मापता विचारलं, "बाई, तुमी त्या समितीत हाय न्हवं?"

"आहे की."

"त्या फाटकाचं कायतरी बगा. जरासं रुंद झालं की मी आतनं येतो. कुनाला धक्का लागायचा न्हाय."

एवढंच. पन्नास वर्षांतलं पहिलं मागणं, तेही अर्ध्या आवाजात, मापाकडं बघत.

मला वाटलं, हे किती सोपं आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत मी विषय काढला. अध्यक्ष ऋषिराज, माझाच विद्यार्थी. गोड पोरगा, भेटला की पाया पडतो, आठवीत गुणोत्तर प्रमाण मात्र कधी जमलं नाही. आता त्याचं मोठं दुकान आहे आणि रविवारी घट्ट कपडे, हेल्मेट, काळा चष्मा घालून तो इंदापूरपर्यंत सायकल मारून येतो. त्याची सायकल एका बोटानं उचलता येते.

"बाई, फाटक रुंद केलं की मोटरसायकली घुसणार," तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

"मग मोठ्या गेटच्या किल्ल्या आबांना दे."

"एकाला दिल्या की दहा जण मागतील."

"मागू देत. दहा सायकलवाले आत आले तर बिघडलं काय? ट्रॅक केलाय कुणासाठी?"

मग दुसऱ्या एका सदस्यानं, सकाळी फिरायला येणाऱ्या, सांगितलं की दूध सांडून ट्रॅक चिकट होतो आणि मुंग्या लागतात. आबांनी त्या ट्रॅकवर आजवर पाऊल ठेवलं नव्हतं, तरी मुंग्या लागल्या होत्या. तिसऱ्यानं नियमावली काढली. त्यात होतं, 'व्यावसायिक वापरास मनाई.' म्हणजे पोट कमी करायला सायकल चालवली तर चालेल, पोट भरायला चालवली तर नाही. हे मी तसंच बोलून दाखवलं. सगळे हसले. ऋषिराजही हसला, म्हणाला, "बाई अजून वर्गासारखंच बोलतात." विषय पुढं ढकलला.

त्यांनी एक सर्वेक्षणही केलं होतं. ट्रॅकवर कोण येतं याची मोजणी. चालणारे इतके, सायकलवाले इतके, त्यात दूधवाले शून्य, भाजीवाले शून्य, कामावर जाणारे चार. "बघा बाई, त्या लोकांची मागणीच नाही," ऋषिराज म्हणाला. जो आत शिरूच शकत नाही तो आतल्या मोजणीत सापडणार कसा? अडतीस वर्षं गणित शिकवून मी काय शिकवलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. रस्त्याला ट्रॅक्टर लागले. आबांनी साखरबाईंचा शब्द मोडला नाही. त्यांनी ट्रॅकवरून यायला सुरुवात केली, त्याची तऱ्हा अशी. फाटकाशी यायचं. सायकल घोड्यावर, म्हणजे मागच्या स्टँडवर, लावायची. एक किटली सोडायची, फाटकातून पलीकडं नेऊन ठेवायची. परत यायचं, दुसरी न्यायची. परत यायचं, सायकल तिरकी करून काढायची. किटल्या पुन्हा कड्यांत अडकवायच्या आणि निघायचं. सहाशे मीटरवर पुढचं फाटक. तिथं पुन्हा सगळं तेच. अशी आठ. परतीच्या वाटेवर किटल्या रिकाम्या, पण फाटकं तेवढीच.

मी सकाळी फिरायला जाते तेव्हा हे बघायची. पहिल्या दिवशी मी एक किटली उचलायला गेले. आबा रागावले. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "ठिवा खाली बाई. गुडघा धरंल." लोक बाजूनं पळत जायचे. एखादा थांबून कानातली वायर काढून विचारायचा, "काका, रोडनी का नाही जात?" आबा म्हणायचे, "हितं बरं हाय." मोडलेलं हाड थंडीत ठणकायचं. माझ्या दारात येईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम असायचा आणि मापाचा अंदाज चुकायचा. दूध मापाच्या वर जायचं, ते तसंच माझ्या पातेल्यात ओतायचे. पूर्वी आबांच्या हातून एक थेंब इकडचा तिकडं होत नव्हता. मी रोज उशिरा येणारं दूध घ्यायची आणि रोज म्हणायची, "आबा, करते मी काहीतरी." हे वाक्य बोलून बोलून मला त्याचा कंटाळा आला होता.

डिसेंबरात समितीनं ट्रॅकचा पहिला वाढदिवस करायचं ठरवलं. पुण्याहून एक मोठे अधिकारी येणार होते, सायकल मार्गांचं काम बघणारे. ऋषिराज म्हणाला, "या भागातल्या सगळ्यात ज्येष्ठ सायकलपटूचा सत्कार करू." मी तिथल्या तिथं आबांचं नाव दिलं. माझा हिशोब सरळ होता. सत्कारमूर्तीला दोन शब्द बोलायला माइक मिळतो. अधिकारी समोर बसलेले असणार. आबा सगळ्यांसमोर बोलले की ऋषिराजला नाही म्हणता यायचं नाही. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

आबा आधी तयारच नव्हते. "मी काय केलंय बाई सत्कारासारखं?"

"काही केलं नाही तरी चालतं, आबा. लोकांचे सत्कार बघता ना तुम्ही? तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं. फाटक सात इंच रुंद करा, नाहीतर मोठ्या गेटची किल्ली द्या."

"सात इंच."

"सात इंच. जास्तीचं काही नको."

आठवडाभर दूध घालताना ते मला म्हणून दाखवायचे. पाठांतर घेतल्यासारखं मी ऐकून घ्यायची. एकदा म्हणाले, "आनी साहेबानी ईचारलं, सातच का, तर?" मी म्हटलं, "मोजलंय म्हणावं." ते खूश झाले.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. मंडप ट्रॅकच्या शहराकडच्या टोकाला. मला खुर्च्या, पाणी आणि रांगोळीवाल्या मुलींकडं बघायचं काम दिलं होतं, त्यामुळं आबा कधी आले ते मला दिसलं नाही. दिसले तेव्हा ते मंचामागं उभे होते, पांढरंशुभ्र धोतर, शेजारी सायकल आणि सायकलला भरलेल्या किटल्या. कार्यक्रम उरकून रतीब घालायचा होता. त्यांचा चेहरा बघून मी दचकलेच. इतका सुटलेला, हलका चेहरा मी वालचंदनगर सोडल्यापासून बघितला नव्हता. त्यांनी मला हात केला. मी खुर्च्या मांडणाऱ्या पोरांवर ओरडत होते, मीही नुसता हात केला. तिथं जाऊन दोन मिनिटं बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

झालं होतं असं. अधिकाऱ्यांना गाडीत बसवून अख्खा ट्रॅक दाखवायचा होता. सायकल ट्रॅक गाडीतून. त्यासाठी पहाटेच आठही मोठी गेटं उघडून ठेवली होती. आबा पहिल्या फाटकाशी आले, नेहमीसारखी सायकल घोड्यावर लावली आणि बघतात तो शेजारचं गेट सताड उघडं. पुढचंही उघडं. त्याच्या पुढचंही. भरल्या किटल्यांनी, एकदाही खाली न उतरता, अडीच किलोमीटर ते एका दमात आले. त्यांना वाटलं, बाईंनी काम केलं. त्यांना वाटलं, मोठा माणूस येणार म्हणून त्यानं आधीच हुकूम सोडला, आणि आपल्या हातून फक्त आभार मानायचे राहिलेत. आमच्याकडं कामं अशीच होतात, हेही खरं. कागद महिनोन्‌महिने पडून राहतो आणि एखाद्या सकाळी कुणीतरी मोठा येतो म्हणून एका तासात सगळं होऊन जातं. आबांनी आयुष्यभर हेच बघितलं होतं.

फेटा बांधला. शाल पांघरली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. ऋषिराजनं माइक आबांच्या तोंडापुढं धरला. मी तिसऱ्या रांगेत, मनातल्या मनात 'सात इंच, सात इंच' म्हणत.

आबांनी अधिकाऱ्यांना हात जोडले. "सायेब," ते म्हणाले, "लई उपकार झालं. मी एक अडचन सांगायला आल्तो. पर तुमी यायच्या आदीच समदं झालं. आज मी वस्तीवरनं हितंवर एकदाबी खाली उतरलो न्हाय. आता माजं कायबी मागनं न्हाय. देवानं तुमाला उदंड आयुष्य द्यावं."

केवढ्या टाळ्या पडल्या. अधिकारी उठून उभे राहिले. मला काही कळेना, आणि मग एकदम कळलं, कारण माझी नजर मंडपाबाहेरच्या उघड्या गेटवर गेली.

मी उठायला हवं होतं. चाळीस पोरांच्या वर्गात अडतीस वर्षं ओरडलेली बाई मी, मला माइकची गरज नव्हती. 'आबा, हे गेट गाडीसाठी उघडलंय, उद्या बंद होणार आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण आबा फेट्यात उभे होते, हसत होते, आणि तो आनंद चारचौघांत मोडायला माझी जीभ रेटली नाही. नंतर सांगू, असं मी मनाला म्हटलं. भित्री माणसं असंच म्हणतात, आणि त्या दिवशी मी भित्री होते.

मग फोटो. ऋषिराज म्हणाला, "आबा, सायकल घ्या ना शेजारी." आबांनी घेतली. फोटोवाला म्हणाला, "त्या किटल्या काढा, फ्रेममध्ये बरं दिसत नाही." आबांनी किटल्या सोडल्या, जपून बाजूला ठेवल्या. त्या कामात त्यांचा हात बसलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली ती तासभर उशिरा. आबांनी किटलीचं झाकण उघडलं, फडकं काढलं, माप बुडवलं आणि मग म्हणाले, "बाई, गेटं परत लागली."

मी त्यांना सगळं सांगितलं. दूध मापात तसंच होतं.

"गाडीसाठी व्हय," ते म्हणाले.

"मी आजच जाते ऋषिराजकडं. तुम्हीही चला, आबा. दोघं मिळून सांगू."

"मी न्हाय." त्यांनी दूध माझ्या पातेल्यात ओतलं. "फेटा बांधून घेतला, देवाचं नाव घिऊन सांगितलं का माजं मागनं न्हाय. आता कंच्या तोंडानं जाऊ? सायेब म्हनतील, म्हाताऱ्याचं पोट भरंना."

मी गेले. ऋषिराजनं पाया पडून बसवलं, चहा मागवला आणि फोनवर आबांचं भाषण लावून दाखवलं. "बाई, त्यांनी स्वतः सांगितलंय. आम्ही काय करणार?" मी उघड्या गेटची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "पुढच्या बैठकीत घेऊ." पुढच्या बैठकीत मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं. त्यात एक ओळ होती. 'दूधवाल्यांच्या फाटकाविषयीच्या तक्रारीबाबत संबंधितांनी जाहीर समाधान व्यक्त केल्याने विषय निकाली.' मी म्हटलं, हे चूक आहे. माझं म्हणणं नोंदवून घेतलं. नोंदवून घेण्यात ती माणसं वाकबगार आहेत.

आबांची आठ फाटकं पुन्हा सुरू झाली. जानेवारी निघाला. थंडी वाढली आणि आबा बारीक दिसायला लागले. दोन-तीन घरांनी उशीर होतो म्हणून पिशवीचं दूध लावलं. मी कुणाला दोष देत नाही, शाळेला जाणारी पोरं असतात. पण त्या घरांसमोरून जाताना आबा घंटीवर बोट ठेवायचे आणि मग काढून घ्यायचे, ते माझ्या खिडकीतून दिसायचं.

एका सकाळी पाचव्या फाटकाशी त्यांच्या हातातून किटली निसटली. सगळं दूध लाल रंगावर. मी तिथं नव्हते, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी किटली उचलली, आपल्या गमछ्यानं जमेल तेवढं पुसलं आणि उरलेली तीन फाटकं सोडून, बाजूनं मोठ्या रस्त्याला लागले. नुसतेच दमले होते. दमलेला माणूस फार विचार करत नाही.

रस्त्यावर दोनशे मीटर गेले नसतील, मागून ट्रॅक्टर आला. तो सिद्धूचा होता. त्यानं बाप ओळखला आणि भर रस्त्यात दोन ट्रॉल्या उसासकट ट्रॅक्टर उभा केला. मागं हॉर्न वाजायला लागले, लोक शिव्या द्यायला लागले. सिद्धू खाली उतरला, आबांच्या सायकलचं हँडल धरून त्यांना कडेला घेतलं. तो ओरडला असता तर आबांना बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही.

"आबा," तो म्हणाला, "मागची ट्रॉली मला बी दिसत न्हाय."

आणि रडायला लागला. तीस वर्षांचा बाप्या, रस्त्याच्या कडेला.

आबांनी हे मला सांगितलं ते शेवटचं दूध घालायला आले त्या दिवशी. आवाजात राग नव्हता. साखरबाईंनी बोलल्याप्रमाणं म्हशी भावकीत दिल्या होत्या. "लई लांब न्हाईत, शेजारच्याच गोठ्यात," आबा म्हणाले. "सकाळी माझा आवाज आला की हंबारत्यात. म्हनून आता मी हळू बोलतो." त्या दिवशी त्यांनी माप काठोकाठ भरलं आणि वर आणखी एक ओतलं. मी नको म्हटलं नाही. दार लावून आत गेले आणि ते पातेलं समोर ठेवून बसून राहिले. दूध तापवायचंही सुचेना.

फेब्रुवारीत समितीनं पहिल्या फाटकाशी मोठा फलक लावला. त्यावर आबांचा फोटो. फेटा, शाल, शेजारी मोकळी सायकल. खाली लिहिलंय, 'सत्तरीतही सायकल! आबांचा आदर्श घेऊ या.' मी समितीचा राजीनामा दिला. तो अजून मंजूर झालेला नाही, कारण त्यांना दोन रकान्यांना माणूस सापडत नाही.

परवा सकाळी मी फिरत फिरत सांगवीकडच्या त्याच फाटकाबाहेर आले होते, तर आतून आबा येताना दिसले. पायी. धोतर, टोपी, दोन्ही हात रिकामे. छकुलीला, म्हणजे नातीला, शहरातल्या शाळेत सोडून ते वस्तीवर परत चालले होते. म्हणाले, "घरात करमत न्हाय बाई. बापासारका चालतोय बगा. त्यो मेंढरांमागं चालायचा, माझ्याफुडं तीबी न्हाईत."

बोलता बोलता ते फाटकात शिरले आणि मध्येच थांबले. दोन्ही बाजूंच्या पाइपांना त्यांनी हात लावून बघितले. मग कोपर थोडे बाहेर काढले, जिथं किटल्या असायच्या तिथवर, आणि पुन्हा मिटून घेतले. फलकाकडं त्यांनी बघितलंच नाही.

"बाई," ते म्हणाले, "उगंच म्हनत हुतो आपुन. लई जागा हाय की ह्यात."

मी बाजूला झाले. ते फाटकातून बाहेर पडले आणि सांगवीच्या रस्त्याला लागले.